घटनेने तीन महिने दिले, तुम्ही एक दिवस घेतला : विधान परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. सभापती, मा. उपसभापती आणि सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधान परिषद

सप्रेम नमस्कार.

विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत संमत झाले. दुसऱ्या दिवशी, ११ जुलैला, ते आपल्या सभागृहात आले आणि त्याच दिवशी संमतही झाले. विरोधी बाकांवरचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले होते, बाकीच्यांनी होकार दिला. एखादी संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा आणि तिची मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला देणारा, सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असलेला हा कायदा. तो हवा की नको यावर महाराष्ट्रात दोन मते आहेत आणि मलाही माझे मत आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. ज्यांना हा कायदा अत्यावश्यक वाटतो त्यांनीही एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : विधानसभेनंतर दुसरे सभागृह ठेवण्यामागे घटनेचा जो हेतू होता, तो एका दिवसात कसा पुरा झाला?

घटनेच्या १९७व्या अनुच्छेदात तुमचे अधिकार स्पष्ट लिहिले आहेत. विधानसभेने संमत केलेले विधेयक तुम्ही नाकारू शकता, त्यात दुरुस्त्या सुचवू शकता किंवा ते तीन महिन्यांपर्यंत आपल्याकडे ठेवू शकता. त्यानंतर विधानसभेने ते पुन्हा संमत केले तर तुम्हाला आणखी एक महिना मिळतो. मग मात्र विधानसभेला हवे तसे ते संमत झाल्याचे मानले जाते. अर्थविधेयकाला फक्त १४ दिवस. लोकसभा आणि राज्यसभेत मतभेद झाला तर संयुक्त बैठक होते, राज्यात तशी सोय नाही. शेवटचा शब्द विधानसभेचा, आणि तो तसाच असावा, कारण सरकार तिला जबाबदार आहे. पण त्याआधी विधेयक वाचायला, लोकांना ऐकवायला, त्यातली चूक दाखवायला घटनेने तुम्हाला वेळ दिला आहे. तुमच्या हाती असलेली ती एकमेव खरी ताकद आहे. ती तुम्ही आपणहून सोडून देता, ही माझी मुख्य तक्रार.

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातली. माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. परिषदेचे काही सदस्य शिक्षक आणि पदवीधर निवडून देतात. त्यांतल्या पुणे विभाग शिक्षक मतदारसंघात माझे नाव असायचे, पदवीधर मतदारसंघात आजही आहे. ज्यांनी ही निवडणूक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. विधानसभेच्या मतदारयादीसारखे इथे नाव एकदा लागले की राहिले, असे होत नाही. दर निवडणुकीला यादी नव्याने तयार होते. दर वेळी नमुना १८ भरायचा, पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडायची, ती तहसील कचेरीत द्यायची आणि यादीत नाव आले की नाही ते पाहायचे. मतदानाच्या दिवशी यंत्र नसते. मतपत्रिका असते, आणि केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. दुसऱ्या पेनने लिहिले किंवा आकड्याऐवजी खूण केली तर मत बाद. एवढी खटपट करून आम्ही जी माणसे पाठवतो, ती विधेयक वाचतील एवढी अपेक्षा ठेवायचा हक्क आम्हाला आहे.

वर्गात विधान परिषदेचा धडा आला की मुले विचारायची, शेवटी विधानसभेचेच चालणार असेल तर हे सभागृह कशाला? तेव्हा मला उत्तर शोधावे लागत नसे. आमच्याच तालुक्यातले विसापूर सांगितले की पुरे व्हायचे. रोजगार हमीच्या कल्पनेचा पहिला प्रयोग तिथे झाला, आणि ती कल्पना मांडणारे वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे याच विधान परिषदेचे सभापती होते.

हे मी जरा विस्ताराने सांगते, कारण आज सभागृहात बसणाऱ्या अनेकांना त्या खुर्चीचा हा इतिहास आठवत नसावा अशी मला शंका आहे. हाताला काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार पागे यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. १९७२ च्या दुष्काळात तो कसाला लागला. त्या साली माझी आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळायची. ती पदरात बांधून आई आम्हा भावंडांसाठी घरी आणायची. आमचे घर त्या वर्षी तरले ते त्या मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या, नावामुळे. पुढे १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला, तो याच योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा दुष्काळी तालुक्यातल्या मजुराच्या हातात पडू लागला.

पण नुसती योजना असती तर ती एखाद्या शासन निर्णयाने सुरू झाली तशी दुसऱ्या शासन निर्णयाने बंदही पडली असती. १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा तो मजुराचा हक्क बनला. पंधरा दिवसांत काम द्या, नाही तर बेकारी भत्ता द्या, असे सरकारला सांगता येऊ लागले. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. एका कल्पनेला कायदा व्हायला दशकभराहून जास्त काळ लागला. त्या काळात ती तपासली गेली, तिच्यासाठी पैसा उभा राहिला, तिच्यातल्या उणिवा कामावर दिसल्या. पागे यांना कोणत्याही मतदारसंघातले रस्ते आणि गटारे सांभाळायची नव्हती, दर पाच वर्षांनी लाखभर लोकांसमोर उभे राहायचे नव्हते. म्हणून त्यांना एका प्रश्नाच्या मागे इतकी वर्षे लागता आले. वरच्या सभागृहाचा उपयोग मला विचाराल तर तो हा आहे.

याच सभागृहात ग. दि. माडगूळकर राज्यपालनियुक्त सदस्य होते. ना. धों. महानोर होते, आणि ते इथे कवितेपेक्षा पाणी, माती आणि फळबागा यांवर जास्त बोलले. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांना राज्यपालांनी नेमावे असे १७१वा अनुच्छेद सांगतो. सहकारी चळवळ हे शब्द घटनेत आहेत, हे सांगलीच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार घाईची. जनसुरक्षा विधेयकाबाबत मला एक उत्तर मिळेल, ते मी आधीच मांडते. हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले होते, समितीत परिषदेचे सदस्य होते, लोकांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. हे सगळे खरे आहे. आणि त्या समितीमुळे विधेयक बदलले, हेही खरे आहे. मूळ मसुद्यात व्यक्ती आणि संघटना असा सरसकट उल्लेख होता, तो कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांपुरता आणला गेला. सल्लागार मंडळाची रचना बदलून अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असतील असे ठरले. तपास उपनिरीक्षकाकडून काढून उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला. म्हणजे शांतपणे बसून वाचले की मसुद्यातल्या चुका सापडतात, याचा पुरावा या विधेयकानेच दिला. मग समितीनंतरचे उरलेले काम सभागृहाने का केले नाही? बारा हजार सूचनांपैकी कोणत्या घेतल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, हे एकेक कलम घेऊन जाहीरपणे विचारायची जागा तुमची होती. समितीत मोजके सदस्य बसतात. सभागृह ७८ जणांचे आहे. बाकीच्यांनी त्या मसुद्यावर काय विचार केला हे आम्हाला कळायला नको का?

आणि हे एका सरकारचे किंवा एका पक्षाचे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरे सरकार होते. मंत्र्यांना विद्यापीठांचे प्र-कुलपती करणारी दुरुस्ती तेव्हा अधिवेशनाच्या अखेरीस गोंधळात संमत झाली. पुढच्या सरकारने ती मागे घेतली. विद्यापीठांचा कायदा हा पदवीधर आणि शिक्षक आमदारांचा घरचा विषय. २०१६ चा मूळ विद्यापीठ कायदा संयुक्त समितीतून तावूनसुलाखून आला होता. त्याची दुरुस्ती अशी घिसाडघाईत का झाली, हे विचारणारा एकही ठणठणीत आवाज आमच्यापर्यंत पोहोचला नाही.

दुसरी तक्रार गावाची आहे. सरपंच थेट लोकांनी निवडायचा असे २०१७ मध्ये ठरले. २०२० मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांनी सरपंच निवडायचा असे झाले. २०२२ मध्ये पुन्हा थेट सरपंच. नगराध्यक्षांचेही असेच. सरकार बदलले की गावचा कायदा बदलायचा. याचा अर्थ गावात काय होतो हे मी पाहिले आहे. एका पॅनेलने पाच वर्षे डोळ्यांसमोर ठेवून जी बांधणी केलेली असते ती एका अधिवेशनात निकामी होते. सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे असले की कोरम होत नाही, मग पाणीपट्टीचा ठरावसुद्धा अडून बसतो. थेट निवड चांगली की अप्रत्यक्ष, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. पण पाच वर्षांत दोनदा उलटसुलट करण्याआधी कोणी तरी थांबून विचारायला हवे होते, की आधीच्या पद्धतीने नेमके काय बिघडले, किती ग्रामपंचायतींत बिघडले, आणि ते मोजले कोणी. ज्या सभागृहात स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी बसतात, त्या सभागृहाने हे विचारायचे नाही तर कोणी?

त्यात भर म्हणजे, ते प्रतिनिधी बसायलाच नव्हते असा काळ आला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि राज्यभरच्या महापालिका, जिल्हा परिषदा, नगरपालिका कित्येक वर्षे प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या. मतदार असलेले नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यच नाहीत म्हटल्यावर परिषदेतल्या त्या मतदारसंघांच्या जागा एकामागून एक रिकाम्या होत गेल्या. आमच्या गावांचे कायदे, आमच्या गावांचा माणूस नसलेल्या सभागृहात होत राहिले. निवडणुका लांबल्या त्या न्यायालयीन वादामुळे आणि आरक्षणाच्या प्रश्नामुळे, हे मला ठाऊक आहे. पण त्या काळात स्थानिक संस्थांविषयीचे प्रत्येक विधेयक जास्त काळजीने वाचणे तर तुमच्या हातात होते.

तिसरी तक्रार बारा जागांची. राज्यपालनियुक्त सदस्यांची मुदत जून २०२० मध्ये संपली. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने बारा नावे पाठवली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यावा. निर्णय झाला नाही. २०२२ मध्ये सरकार बदलले, यादी मागे गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, सात जणांनी शपथ घेतली. चार वर्षांहून जास्त काळ या सभागृहात घटनेने सांगितलेला लेखक नव्हता, शास्त्रज्ञ नव्हता, सहकारातला जाणकार नव्हता. आणि जे सात आले त्यांतल्या बहुतेकांची ओळख पक्षकार्याचीच होती. त्यांच्याविषयी मला व्यक्तिशः काही म्हणायचे नाही. पण ही जागा पक्षातल्या नाराजाच्या पुनर्वसनाची नाही, आणि हे सगळ्याच पक्षांना सांगायला हवे, कारण सगळ्यांनीच ती तशी वापरली आहे.

सभापतिपदाचेही तेच. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ ही खुर्ची रिकामी होती, उपसभापतींनी सभागृह चालवले. विधानसभेचे अध्यक्षपद कोणी अडीच वर्षे रिकामे ठेवू दिले असते का?

चौथी तक्रार वेगळ्या दिशेची आहे आणि ती न सांगता हे पत्र एकांगी होईल. वेळ घेणे म्हणजे विधेयक दाबून ठेवणे नव्हे. जादूटोणाविरोधी विधेयक डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने संमत केले आणि वरच्या सभागृहात ते अडले. वारकरी संप्रदायातून काही आक्षेप आले होते, त्यांना उत्तर द्यायला हवेच होते. पण उत्तर देऊन, दुरुस्त्या करून, ठरल्या मुदतीत निर्णय घेण्याऐवजी ते वर्षानुवर्षे भिजत पडले. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा केला. एक माणूस गेल्यावर जे चार महिन्यांत झाले, ते आधी का झाले नाही याचे उत्तर या सभागृहाच्या कामकाजात कुठेही सापडत नाही. म्हणून मी मागते तो वेळ मुदतीचा आणि कारणांसह घेतलेला वेळ आहे.

काही जण म्हणतात, एवढ्या तक्रारी आहेत तर परिषदच रद्द करा. तसे करायला घटनेत मार्ग आहे. १६९व्या अनुच्छेदाप्रमाणे विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि संसदेने साधा कायदा करायचा. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने १९७० मध्ये, तमिळनाडूने १९८६ मध्ये आपापली परिषद मोडीत काढली. आज देशात फक्त सहा राज्यांत विधान परिषद आहे. खर्चाचा मुद्दा, मागच्या दाराचा मुद्दा, दोन्ही मी ऐकले आहेत आणि ते पोकळ नाहीत. तरीही मी परिषद टिकावी या बाजूची आहे, आणि त्याचे कारण आंध्र प्रदेशात दिसते.

जानेवारी २०२० मध्ये तिथल्या सरकारने तीन राजधान्यांची विधेयके आणली. विधानसभेत प्रचंड बहुमत होते, तिथे काहीच अडले नाही. परिषदेच्या सभापतींनी ती प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवायचे ठरवले. चिडून विधानसभेने काही दिवसांतच परिषद बरखास्त करण्याचा ठराव केला. परिषदेला बाजूला सारून कायदे झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच मुख्यमंत्र्यांच्या सरकारने ते कायदे मागे घेतले, आणि बरखास्तीचा ठरावही मागे घेतला. परिषदेत विरोधकांचे बहुमत होते, म्हणून तिने हे राजकारणापोटी केले असे कोणी म्हणेल. असेलही. पण प्रवर समितीत दोन-तीन महिने गेले असते तर राज्याची दोन वर्षे वाचली असती.

संसदेतलेही एक उदाहरण घ्या, कारण त्याचा फायदा मुंबई-पुण्यात हप्ते भरून घर घेणाऱ्या हजारो कुटुंबांना होतो. स्थावर संपदा (‘रेरा’) विधेयकात बिल्डरने खरेदीदारांकडून घेतलेल्या पैशांपैकी किती रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवायची, हा कळीचा प्रश्न होता. मधल्या एका टप्प्यावर सरकारी दुरुस्त्यांत ती ५० टक्क्यांवर आणलेली होती. २०१५ मध्ये विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले, खरेदीदारांना आणि जाणकारांना म्हणणे मांडायला जागा मिळाली. २०१६ मध्ये कायदा झाला तेव्हा त्यात ७० टक्के लिहिलेले होते. वरच्या सभागृहात अडले नसते तर हे बोलायलाच कोणाला सवड मिळाली नसती.

तुमच्यापैकी सत्ताधारी बाकांवर बसणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. परिषदेत अविश्वास ठराव येत नाही. तुम्ही एखाद्या कलमावर दुरुस्ती सुचवली म्हणून सरकार पडणार नाही. पक्षादेश (व्हिप) तुम्हालाही लागू होतो, हे खरे. पण समितीत प्रश्न विचारायला, मसुद्यातला एक शब्द बदला असे सुचवायला पक्षादेश आड येत नाही. विधानसभेतल्या तुमच्या सहकाऱ्याला जे करणे अवघड जाते ते तुम्हाला सोपे आहे. आणि विरोधी बाकांवरच्यांनाही सांगते : सभात्यागाने निषेध नोंदवला जातो, पण कलम जसेच्या तसे राहते. जनसुरक्षा विधेयकावर तुम्ही सभागृहात बसून कलमवार दुरुस्त्या मांडल्या असत्या आणि त्या एकामागून एक फेटाळल्या गेल्या असत्या, तरी त्या छापील कार्यवाहीत राहिल्या असत्या. उद्या न्यायालयात, परवा दुसऱ्या सरकारपुढे, कोणाला तरी त्या वापरता आल्या असत्या.

शिक्षक आणि पदवीधर आमदारांशी मला आमच्या घरचे म्हणून बोलायचे आहे. अनुदान, जुनी पेन्शन, शालार्थ आयडी, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन यांसाठी तुम्ही भांडता, ते भांडलेच पाहिजे. वीस टक्के, चाळीस टक्के अनुदानावर वर्षे काढणारे माझे सहकारी मी पाहिले आहेत. पण आम्ही तुम्हाला फक्त आमच्या पगारासाठी निवडून देत नाही. घटनेने शिक्षकांना आणि पदवीधरांना वेगळे मतदारसंघ दिले, ते शिकलेल्या माणसांनी कायद्याचा मसुदा बारकाईने वाचावा म्हणून. (प्राथमिक शिक्षकांना यात अजूनही मत नाही. त्याचीही दखल कधी तरी घ्या.) पुढच्या निवडणुकीत मत मागायला याल तेव्हा सहा वर्षांत किती विधेयकांवर दुरुस्त्या मांडल्या आणि त्या कोणत्या, हे पत्रकावर छापून आणा. आमच्या शिक्षक खोलीत ते पत्रक नीट वाचले जाईल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

विधानसभेकडून आलेले विधेयक परिषदेत मिळाल्यापासून किमान सात दिवस मतास टाकू नये. अर्थविधेयके सोडा. खरोखरच आणीबाणीची निकड असेल तर सभापतींनी कारण लेखी नोंदवून अपवाद करावा. सात दिवस हे काही फार मागणे नाही. घटनेने नव्वद दिले आहेत. अधिवेशन संपत आले म्हणून वेळ नाही, हे कारण मला मान्य नाही. मग अधिवेशन वाढवा किंवा विधेयक पुढच्या अधिवेशनात घ्या.

ज्या विधेयकात कैदेची शिक्षा आहे, ज्याने नागरिकांच्या संघटनेच्या किंवा बोलण्याच्या स्वातंत्र्यावर बंधन येते, किंवा ज्याने ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांची रचना बदलते, ते समितीकडे पाठवणे बंधनकारक करा. समितीला मुदत द्या, आणि ती मुदत पाळा. लोकांकडून मागवलेल्या सूचनांचे काय झाले याचा कलमवार गोषवारा मराठीत प्रसिद्ध करा. जनसुरक्षा विधेयकावरच्या बारा हजार सूचनांपासून सुरुवात करा. लोकांनी पोस्टाचे तिकीट लावून पत्रे पाठवली, त्यांना उत्तर मिळायला हवे.

प्रत्येक विधेयकाचा मराठी मसुदा, मूळ कायद्यातले बदलले जाणारे कलम आणि त्यापुढे नवे कलम अशा जोडीने, चर्चेच्या आधी सर्वांना पाहता येईल असा ठेवा. आज दुरुस्ती विधेयक हातात आले तरी ते सामान्य माणसाला समजत नाही. ‘पोटकलम (२) मधील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द दाखल करण्यात यावेत’ एवढेच त्यात असते. मूळ कायदा शेजारी नसेल तर वकिलालाही अर्थ लागत नाही. याला कायदा बदलावा लागत नाही, सचिवालयाने ठरवले तर पुढच्या अधिवेशनापासून होईल.

अशासकीय विधेयकांसाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या विधेयकांसाठी, ठेवलेला वेळ इतर कामकाजाला देणे थांबवा. सदस्याला स्वतःची कल्पना मांडायला उरलेली ती शेवटची जागा आहे.

राज्यपालनियुक्त बारा जागांसाठी, मुदत संपण्याआधी तीन महिने, मंत्रिमंडळाने कोणत्या क्षेत्रातून कोणाची शिफारस केली आणि त्या व्यक्तीचे त्या क्षेत्रातले काम काय, हे जाहीर करावे, असा ठराव या सभागृहाने एकमताने करावा. राज्यपालांवर आणि मंत्रिमंडळावर तो बंधनकारक नसेल. तरी करा. स्वतःच्या रिकाम्या जागांवर सभागृह गप्प राहते, तेव्हा बाहेरच्यांना त्या जागांची किंमत कळत नाही.

सभापती महोदय, यातल्या पहिल्या तीन मागण्या आपण नियम समितीपुढे आणि कामकाज सल्लागार समितीपुढे ठेवू शकता. त्यासाठी सरकारच्या परवानगीची गरज नाही. पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात त्या ठेवल्या जाव्यात, आणि समितीने होकार किंवा नकार काहीही दिला तरी तो कारणांसह सभागृहात सांगितला जावा, अशी माझी विनंती आहे.

आपली,
पुणे विभाग पदवीधर मतदारसंघातील एक मतदार,
निवृत्त माध्यमिक शिक्षिका, तासगाव तालुका, जि. सांगली